पडद्यावरची सुनावणी की कोर्टातली?

महामारीत दिवाणी कोर्टांपुढे दोन वाटा होत्या: व्हिडिओवर सुनावणी, किंवा अंतर राखून कोर्टातच. नुसत्या युक्तिवादासाठी व्हिडिओच बरा. गोव्यात सासष्टीच्या घराच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या कोर्टकामात, एक वारस लिस्बनला, दुसरा दुबईत असतो. एरवी त्यांना गाठतानाच तारखांवर तारखा पडतात.

साक्षीपुराव्याचं मात्र वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने 6 एप्रिल 2020 रोजीच बजावलं होतं, की दोन्ही पक्षकारांची संमती नसेल तर व्हिडिओवर साक्ष नोंदवायची नाही. माझ्या मते ते योग्यच होतं. उलटतपासणीत साक्षीदाराच्या बाजूला बसून कोण कुजबुजतंय, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. जुना पोर्तुगीज दस्तही हातात घेऊन, उजेडात धरूनच पाहावा लागतो. आणि सत्तरी तालुक्यातल्या गावात रेंज कुठली? तिथल्या माणसाला डिचोलीचं कोर्टच जवळचं वाटणार.

दोन्ही वाटा बंद असतील त्यांचं काय? दावा दाखल करायची मुदत टळू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळच हिशेबातून वगळला. सामान्य पक्षकाराला व्हिडिओपेक्षा याचाच आधार मोठा होता, असं मला वाटतं.