झोटेरो कसं आहे? रेफरन्स हातानं टाइप करणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

आपल्या सोलापुरात पीएचडी करणारी कितीतरी मंडळी अजून रेफरन्स लिस्ट हातानं टाइप करायलेत, नाहीतर डीटीपीवाल्याकडं वर्डची फाइल देऊन एपीएमध्ये (रेफरन्स मांडायची एक ठरलेली पद्धत, म्हणजे स्टाइल) करून द्या म्हणायलेत, आणि ते बघून खरंच जीव तुटतो, कारण हेच काम करणारं, रेफरन्स साठवून लिस्ट लावून देणारं झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. डीटीपीवाल्याचा यात काही दोष नाही हं, तो कॉमे आणि इटॅलिक नीट करून देईल पण लेखकाचं आडनाव कुठलं आणि नाव कुठलं हे त्याला कसं कळणार?

झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीत सुरू झालं, इतिहासवाल्यांच्या सेंटरमध्ये, आणि ते वापरताना जाणवतं, कारण पुस्तक, वर्तमानपत्र, हस्तलिखित, प्रबंध, मुलाखत सगळ्यासाठी वेगळे प्रकार दिलेत. माझा विषय सोलापूरच्या गिरण्या आणि विणकर, त्यामुळं मला नुसते जर्नलचे पेपर सांभाळून भागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, ब्राउझरमध्ये त्याचं कनेक्टर (ब्राउझरला जोडायचं छोटं बटण) टाकलं की पेपरच्या पानावर एक क्लिक केलं की माहिती आत जाते, पीडीएफ खुली असेल तर तीही येते. डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळख नंबर) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा नंबर) हाताशी असेल तर जादूच्या कांडीचं चित्र असलेल्या बटणात तो नंबर टाकायचा, बास. मग वर्डमध्ये झोटेरोचा टॅब येतो, तिथं अ‍ॅड सायटेशन दाबून लेखकाचं नाव शोधायचं, पान नंबर टाकायचा, आणि शेवटी बिब्लिओग्राफी म्हटलं की लिस्ट तयार.

खरी किंमत कळते ती पेपर एका जर्नलकडून परत आला आणि दुसरीकडं पाठवायचा असला की. पहिल्याला एपीए सातवी आवृत्ती हवी होती, म्हणजे मजकुरात कंसात आडनाव आणि साल, दुसऱ्याला शिकागो स्टाइलच्या फूटनोट्स, म्हणजे पानाखालच्या टिपा. हातानं केलं असतं तर सगळा पेपर उकलून परत बांधायला लागला असता. इथं डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये जाऊन स्टाइल बदलली की कंसातलं सगळं फूटनोटमध्ये जातं आणि लिस्टही नव्यानं लागते. स्टाइल दहा हजारांच्या वर आहेत, मेडिकलवाल्यांना व्हँकूव्हर, इंजिनिअरिंगवाल्यांना आयईईई, बहुतेक जर्नलची नावानं सापडते.

पण इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, झोटेरो फक्त मांडणी करतं. आत जी माहिती आलीय ती बरोबर आहे का हे ते तपासत नाही, आणि आपल्याकडच्या नावांची तर वेबसाइटवरच वाट लागलेली असते. पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत आहे, त्यामुळं प्रकाशकाच्या साइटवर कितीदा तरी माणसाचं स्वतःचं नावच आडनावाच्या जागी बसलेलं असतं आणि तेच झोटेरोत येतं, मग लिस्टमध्ये तो लेखक भलत्याच अक्षराखाली जातो आणि इनिशियल म्हणून त्याचं आडनाव उभं राहतं. एखाद्या माणसाच्या आयुष्यभराच्या कामावर त्याचं नाव चुकीचं छापायचं, हे मला अजिबात पटत नाही. पेपर सेव्ह केला की लगेच उजवीकडं नाव बघायचं, उलटं असलं तर तिथंच राइट क्लिक करून अदलाबदल करता येते, दोन सेकंदाचं काम आहे. तसंच महाराष्ट्र शासन किंवा सोलापूर महानगरपालिका लेखक असेल तर नावाशेजारचं छोटं बटण दाबून दोन रकान्यांचा एक रकाना करायचा, नाहीतर महाराष्ट्र हे नाव आणि शासन हे आडनाव धरून लिस्टमध्ये शासन, म. असं काहीतरी येतं.

जुन्या साधनांचं वेगळंच. १८८४ चं बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियर, विसावा खंड, आपल्या जिल्ह्याचा, हा इथल्या प्रत्येकाच्या लिस्टमध्ये असतोच असतो. त्याला आयएसबीएन कुठला असायला, सगळं हातानं भरायचं. पुस्तकावर शोलापूर छापलंय तर शोलापूरच ठेवायचं, बॉम्बेचं मुंबई करायचं नाही, खंडाचा नंबर नावात घुसडायचा नाही, त्याला स्वतंत्र रकाना आहे. १९३० च्या मार्शल लॉच्या वेळची वर्तमानपत्रं न्यूजपेपर आर्टिकल म्हणून घालायची, पूर्ण तारखेसकट. अर्काइव्हमधले कागद मॅन्युस्क्रिप्टमध्ये टाकायचे, तिथं संग्रहाचं नाव आणि फाइल नंबर दोन्हीला जागा आहे. एकदा बसून भरलं की ते कायमचं, प्रबंधाला तेच, पेपरला तेच, पुढं पुस्तक निघालं तर त्यालाही तेच.

शीर्षकांच्या कॅपिटल अक्षरांचा त्रास सगळ्यांनाच होतो. एपीएला लेखाच्या शीर्षकात पहिलं अक्षर आणि विशेषनामं सोडून सगळं लहान लागतं, शिकागोला महत्त्वाचे सगळे शब्द कॅपिटल. झोटेरोला लहानाचं मोठं नीट करता येतं, उलटं नाही, म्हणून शीर्षकं आत साठवतानाच सेंटेन्स केसमध्ये, म्हणजे एपीएसारखी लहान अक्षरांत ठेवायची, शीर्षकावर राइट क्लिक केलं की तसा पर्याय मिळतो, फक्त नंतर गावांची नावं एकदा नजरेखालून घाला. आणि मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत लिहिलं असेल तर लँग्वेजच्या रकान्यात मराठीचा कोड एम आर टाका, मग त्यातल्या शब्दांना उगीच कॅपिटल लागत नाहीत. हे मला कुठल्याच वर्कशॉपमध्ये कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मुद्दाम लिहितेय.

मराठीतून लिहिणाऱ्यांना मात्र अजून थोडं हातानं करावं लागतं. डॉक्युमेंटची भाषा इंग्रजी असली की एट अल (म्हणजे 'आणि इतर') आणि पान नंबरआधीचा पी रोमनमध्येच येतात, ते शेवटी आपणच बदलायचे. अर्धा मार्क मी इथंच कापते, बाकी साडेचार पूर्ण मनापासून.

पैशाचं म्हणाल तर सॉफ्टवेअर फुकट, फक्त पीडीएफ त्यांच्या सर्व्हरवर ठेवायला ३०० एमबी फुकट मिळतात आणि २ जीबी हवे असतील तर वर्षाला २० डॉलर. स्कॅन केलेली पुस्तकं असली की ३०० एमबी बघता बघता भरतात. पण रेफरन्सची माहिती सिंक व्हायला मर्यादा नाही, म्हणून फाइल सिंक बंद ठेवून पीडीएफ लॅपटॉपवरच ठेवल्या तरी चालतं, मग झोटेरो बंद करून त्याचं फोल्डर अधूनमधून हार्ड डिस्कवर कॉपी करायचं. असंच काम करणारं मेंडेली पण फुकट आहे आणि जागा जास्त देतं, पण ते २०१३ पासून एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीचं आहे, तिसरं एंडनोट, ते विकत घ्यावं लागतं. झोटेरो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, माझ्या इतक्या वर्षांच्या नोंदी मला तिथंच बऱ्या वाटतात.

अजून एक, मागे घेतला गेलेला पेपर तुमच्या लायब्ररीत असला तर झोटेरो लाल पट्टीत सांगतं, २०१९ पासून ही सोय आहे. आणि हल्ली एआयकडून रेफरन्स मागून घेणारी पोरं खूप झालीत, त्यांनी तरी प्रत्येक डीओआय त्या कांडीत टाकून बघावा. काहीच आलं नाही किंवा भलताच पेपर आला तर तो रेफरन्स मूळ जर्नलमध्ये जाऊन शोधल्याशिवाय वापरू नका.

पेपर पाठवताना काही जर्नल फील्ड कोड (वर्डच्या फाइलमधल्या झोटेरोच्या लपलेल्या खुणा) काढून साधी फाइल मागतात, त्यासाठी अनलिंक सायटेशन्स आहे. ते एकदा दाबलं की झोटेरोचा त्या फाइलशी संबंध संपतो, परत जोडता येत नाही, म्हणून आधी सेव्ह अ‍ॅज करून दुसरी कॉपी काढा आणि त्या कॉपीतच दाबा. रिव्ह्यूअरच्या दुरुस्त्या आल्या की मूळ फाइल लागतेच.