तांबड्या रश्श्याशेजारी कोण: शिराझ की काबर्ने?

कोल्हापुरात ताटात तांबडा रस्सा आला की वाइनची परीक्षाच असते. नाशिकच्या लाल वाइनमध्ये नेहमी भेटणारी द्राक्षं दोन.

काबर्ने सोव्हिन्याँचा मणी बारीक, साल जाड, त्यामुळे टॅनिन भरपूर. तुरट जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी आवळते, तसं. द्राक्ष कमी पिकलं असेल तर चक्क ढोबळी मिरचीचा वास येतो. गंमत म्हणजे या काळ्या द्राक्षाच्या आई-बापांपैकी एक, सोव्हिन्याँ ब्लाँ, पांढरं आहे.

शिराझ, म्हणजे फ्रान्सची सिरा, जास्त गोलाई असलेली, म्हणजे जिभेला मऊ लागणारी, कमी आवळणारी. इराणच्या शिराझ शहरातून आली ही कथा रंगतदार, पण डीएनए तपासणीत दोन्ही पालक फ्रेंचच निघाले. तिच्यात मिरीचा वास येतो तो भास नव्हे: रोटंडोन नावाचं जे द्रव्य मिरीत असतं, तेच या द्राक्षाच्या सालीत सापडतं. आपल्या मसाल्याशी तिचं नातं असं जुळतं.

तिखटावर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही आगीत तेल ओततात. म्हणून रश्श्याला माझं मत शिराझला, तीही जरा गार करून. काबर्ने सुक्क्या मटणासोबत, तिखट बेतानं असेल तरच. पांढऱ्या रश्श्याला मात्र दोन्ही नकोत!