प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या काचेची बीडिंग: ईपीडीएम रबरच घ्या

नाशिकच्या स्पेअरच्या दुकानांत पद्मिनीच्या काचेची बीडिंग, म्हणजे काचेभोवतीची रबरी पट्टी, दोन प्रकारची मिळते. साधं काळं रबर स्वस्त, पण उन्हाने कडक होऊन कोपऱ्यात तडकतं. ईपीडीएम हे कृत्रिम रबर महाग, तरी ऊन-पाऊस सोसतं. पैसे तिथेच घाला. घेताना कोपऱ्याएवढं वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर माल जुना आहे.

बसवायला दोन माणसं लागतात. जुनी बीडिंग कापून काढा. गळतीचं मूळ बहुधा तिच्याखालच्या गंजलेल्या कडेत असतं, म्हणून तो पत्रा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून प्राइमर आणि रंग द्या, पूर्ण वाळू द्या. ही पायरी गाळली तर नवं रबरही गळणार.

बीडिंग काचेवर चढवा. तुकडा सांधायचा असेल तर सेंटिमीटरभर जास्त ठेवा, कारण रबर आखडतं. सांधा वर घ्या, खाली पाणी साचतं. बीडिंगच्या ज्या खाचेत पत्र्याची कड बसते तिच्यात ५ मिमी नायलॉन दोरी फिरवून टोकं गाडीच्या आत सोडा, साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, साधं रबर आणि ईपीडीएम दोन्ही त्याने फुगतात. एकाने बाहेरून तळहाताने दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी काचेच्या मध्याकडे ओढायची. हातोडी अजिबात नको.

शेवटी बीडिंगच्या बाहेरच्या ओठाखाली, म्हणजे कडेखाली, न सुकणारं मॅस्टिक (फटी बुजवायचा चिकट लगदा) भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा, त्याने पत्रा गंजतो. मग पाइपने खालून वर पाणी मारत जा, गळती नेमकी कुठे आहे ते कळतं.