दसऱ्याला घेतलेली दुर्बीण

आधी रक्कम सांगून टाकतो: 28,000 रुपये. पाच हजार यूपीआयवर, उरलेले तेवीस रोख. पावती नाही.

2024 च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात येणार म्हणून गोव्यात वाळपईतल्या आम्हा चौघांना वेडच लागलं होतं. 12 तारखेला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ, म्हणजे सात कोटी किलोमीटरवर येणार होता आणि नेमका त्याच दिवशी दसरा. माझ्याकडे कॅमेरा होता, दुर्बीण नव्हती. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका साइटवर जाहिरात दिसली: 127 मिलिमीटरचा आरसा, 650 मिलिमीटर नाभीय अंतर (आरशापासून चित्र जिथे जुळतं तिथपर्यंतचं), मोटरवाला स्टँड, बदली झाल्यामुळे तातडीने विकणे आहे.

खाली तीन फोटो. एक चंद्राचा. दुसरा शनीचा, 'मागच्याच आठवड्यात गच्चीवरून काढलेला'. तिसरा निओवाइज धूमकेतूचा, 'जुलै 2020, वागातोर'. आई दसऱ्यासाठी झेंडूची तोरणं ओवत बसली होती, तिला तो तिसरा दाखवला. ती सुई न थांबवता म्हणाली, "जुलयांत? आनी पावस खंय गेल्लो?"

मी हसलो. आईला काय कळतं फोटोग्राफीतलं, असं मनात म्हटलं. आज लिहितानाही कान तापतात.

दसऱ्याच्या सकाळी पर्वरीला हमरस्त्याच्या कडेला भेटलो. माणूस गोड बोलायचा. "सर, तुमच्यासारख्या पारखी माणसाकडे जाते याचं समाधान आहे." त्याने मोटर चालू करून दाखवली. घर्र असा आवाज आला, लाल दिवा लागला, मी खूश. आता विचार करा, ग्रह-तारे नजरेत राहावेत म्हणून ही मोटर दुर्बीण पृथ्वीच्या फिरण्याइतकीच फिरवते, तासाला 15 अंश. म्हणजे घड्याळातल्या तासकाट्याच्याही निम्म्या गतीने. दोन मिनिटं बघून दुर्बीण हलते की नाही हे डोळ्यांना कळणारच नाही. ते कळायला नळी कुठे रोखली आहे त्याची खूण करायची, अर्धा तास चहा प्यायचा आणि मग पुन्हा बघायचं. मी चहासुद्धा प्यायलो नाही. सणाचा दिवस, घरी पूजा खोळंबली होती.

संध्याकाळी ढगांत फट पडली. आधी चंद्र लावला, नवमीनंतरचा. कोपर्निकस विवर उजेड-अंधाराच्या सीमेवर असणार, कडा धारदार दिसायला हव्या होत्या. दिसलं ते फाटलेल्या दुधासारखं. फोकस पुढे-मागे करून बोटं दुखली. मग शनी. मोटरची घरघर चालू होती आणि शनी दोन मिनिटांत सरकत सरकत नजरेबाहेर. पुन्हा आणला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आणला तेव्हा मात्र नीट पाहिलं आणि पोटात गोळा आला. कडी अगदी बारीक होती, पेढ्यात टाचणी आरपार घालावी तशी.

अर्थातच! 2024 मध्ये ती तशीच दिसणार होती. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि तेवढ्या काळात त्याची कडी साधारण दोनदा आपल्याला कडेने दिसतात. 2009 मध्ये तसं झालं होतं, पुढची वेळ मार्च 2025 ची. जाहिरातीतल्या शनीची कडी मात्र सताड उघडी होती. ती तशी 2017 च्या आसपास दिसायची, 27 अंश कललेली. मागच्याच आठवड्यातला म्हणून दाखवलेला तो फोटो काही वर्षं जुना होता आणि बहुधा दुसऱ्याच कुणाच्या कष्टाचा. कॉलेजात असताना पणजीला जुंता हाऊसच्या गच्चीवर मी पहिल्यांदा शनी पाहिला. तेव्हापासून हे मला पाठ आहे. लोकांना मीच सांगत असतो.

सोनं लुटायच्या दिवशी मीच लुटला गेलो होतो.

सकाळी नळीवरच्या स्टिकरचं टोक दमट हवेने सुटलेलं दिसलं. नखाने ओढलं. खाली मूळ स्टिकर, नाभीय अंतर 1000 मिलिमीटर. टेप लावली तर नळी जेमतेम दीड फूट. दुर्बीण साधी न्यूटोनियन, म्हणजे मधे भिंग न घातलेली आरशाची असती तर 650 ला दोन फुटांहून लांब नळी लागली असती, 1000 ला सव्वातीन फूट. एवढ्या आखूड नळीत 1000 बसवायचे म्हणजे फोकसरच्या, म्हणजे फोकस पुढे-मागे करायच्या छोट्या नळीच्या आत एक स्वस्त भिंग घालायचं, आणि ते तिथे होतंच. अशा दुर्बिणीचे आरसे जुळवणं महाकठीण, जुळले तरी चित्र मऊच. मोटरचं झाकण उघडलं तर दांडा फिरत होता, गिअरचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते. टेप घरी खिळ्याला टांगलेली असते. पर्वरीला नेली असती तर पन्नास सेकंदांचं काम होतं.

त्याचा नंबर बंद. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिसांतही जाऊन आलो. रोख कुणाला दिली याचा पुरावा काय, यावर मी गप्प. वस्तू बघून, पसंत करून, स्वतःच्या हाताने गाडीत ठेवलेली.

धूमकेतूचा फोटो मिळाला, तो कोजागरीच्या आदल्या संध्याकाळी केरीच्या किनाऱ्यावर. मोबाइल हेल्मेटला टेकवला, एक्स्पोजर दहा सेकंद. डावीकडे शुक्र, उजवीकडे समुद्रावर ती फिकट शेपटी. इतक्या लांब शेपटीला दुर्बीण नाहीतरी उपयोगाची नव्हतीच, तिला रुंद लेन्स लागते. हेही मला आधीपासून माहीत होतं.

2025 च्या नोव्हेंबरात शनीची कडी पुन्हा जवळजवळ रेघ झाली होती. त्याच आठवड्यात मित्राने एक जाहिरात पाठवली. शहर वेगळं, नाव वेगळं, 'बदलीमुळे तातडीने'. फोटो तोच, 'कालच काढलेला', आणि कडी सताड उघडी.