निकॉन डी ३५००: नऊ महिने वापरल्यावर

"मामी, आधी मला सांग, तू डोळा लावून फोटो काढणार की स्क्रीनकडे बघून?"

कॅमेरा घ्यायचं ठरलं तेव्हा ऐरोलीच्या भाच्याने पहिला प्रश्न हा विचारला होता. मला तेव्हा त्याचा अर्थच कळला नाही. आयुष्यभर मोबाइलवर फोटो काढलेल्या माणसाला डोळा कुठे लावायचा असतो हेच माहीत नसतं. आज कुणी "कोणता घेऊ?" असं विचारलं तर मीही हाच प्रश्न आधी विचारते.

माझ्यासमोर तीन नावं होती: कॅनन १५००डी, कॅनन २००डी मार्क २ आणि निकॉन डी ३५००. तिन्ही २४ मेगापिक्सेलचे, तिन्हींचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून चित्र बनवणारी चकती, एपीएस-सी या एकाच वर्गातल्या मापाचा. रोज रात्री जेवणं आटोपली की मी तक्ते ताडून बघायची आणि आणखी गोंधळायची. आता भाच्याचा कॅनन आणि माझा निकॉन, दोन्हींचे ए फोर प्रिंट शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा हे मलाही ओळखता येत नाही. चांगल्या उजेडात फोटोच्या दर्जात या वर्गातले कॅमेरे एकमेकांना धरूनच आहेत. त्यावर झोप घालवू नका.

फरक पडतो तो फोकस कसा लागतो यात. व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्याच्या वरच्या छोट्या खिडकीला, डोळा लावता तेव्हा लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर तुमच्या डोळ्याकडे जातो आणि त्यातला थोडा खाली, फोकससाठी बसवलेल्या वेगळ्या सेन्सरकडे. त्याला अंतर लगेच कळतं, त्यामुळे फोकस चटकन लागतो. स्क्रीनवर बघून, म्हणजे लाइव्ह व्ह्यूमध्ये, फोटो काढायचा म्हटला की आरसा वर उचलला जातो आणि त्या सेन्सरपर्यंत प्रकाशच पोचत नाही. मग कॅमेऱ्याला मुख्य सेन्सरवरचं चित्र बघत, लेन्स पुढेमागे करत फोकस चाचपडावा लागतो. डी ३५०० आणि १५००डी दोन्ही इथे संथ आहेत, स्क्रीनही दोघांची पाठीला पक्की चिकटलेली. २००डी मार्क २ मध्ये फोकसची सोय मुख्य सेन्सरवरच आहे, स्क्रीन बाहेर काढून हवी तशी वळवता येते आणि बोटाने टेकवाल तिथे फोकस लागतो. तुमचं उत्तर "स्क्रीनकडे बघून" असेल, किंवा व्हिडिओ काढायचे असतील, तर पुढचं वाचायचीही गरज नाही. २००डी मार्क २ घ्या. त्याला बाहेरचा माइक लावायलाही जागा आहे, बाकी दोघांना नाही.

मी मात्र निकॉन घेतला तो आबांमुळे. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचा एफ ८० हा फिल्मचा कॅमेरा कधीच बंद पडला, पण त्याची ५० एमएम एफ १.८ डी लेन्स कपाटात रुमालात गुंडाळून ठेवलेली होती. ते गेल्यावर तिला कुणी हात लावला नव्हता. नव्या निकॉनच्या बॉडीवर (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर) ती बसेल एवढं कळलं आणि माझं ठरलं.

डी ३५०० हे २०१८ चं मॉडेल आणि त्याचं उत्पादन आता बंद झालंय, त्यामुळे वापरलेलाच घ्यावा लागला. दिवाळीनंतर पाचपाखाडीतल्या ओळखीच्या एकांकडून किट लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबत मिळते ती लेन्स) २६ हजारांना मिळाला. घेताना भाचा सोबत होता म्हणून निभावलं. त्याने केलेली तपासणी सांगते, उपयोगी पडेल. एक ताजा फोटो काढून शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, बघितला. निकॉन हा आकडा फोटोच्या माहितीतच लिहितो, कॅननच्या फोटोत तो सापडत नाही. मग पांढऱ्या भिंतीचा एफ २२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) अगदी लहान करून, फोटो काढून सेन्सरवर धुळीचे ठिपके आहेत का ते पाहिलं. शेवटी लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आत बुरशीचे तंतू दिसतात का ते बघितलं. दहा मिनिटांचं काम आहे.

घरी येऊन मी आधी आबांची लेन्स चढवली. बटण दाबलं तर काहीच होईना. व्ह्यूफाइंडरमध्ये नुसतं एफ-ई-ई लुकलुकत होतं. लेन्स गेली, असं वाटून मला खरंच रडू आलं. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामी, लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग बघ. कितीवर आहे?" रिंग ८ वर होती. आबांनी शेवटचा फोटो काढला तेव्हा ठेवली असेल तशीच. ती २२ पर्यंत फिरवून लॉक केली आणि कॅमेरा चालू झाला. अशा लेन्सवर अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातूनच ठरवायचं असतं, रिंग कायम २२ वर.

पण ऑटोफोकस नाही. जुन्या डी लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीत लागते, आणि डी ३५०० च्या बॉडीत ती नाही. बोरा बाजारात एका दुकानदाराने मला हीच लेन्स "सगळ्या निकॉनला चालते" म्हणून दाखवली होती. बसते हे खरं, पण फोकस हातानेच करावा लागतो. नवीन लेन्स घेणार असाल तर तिच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असल्याशिवाय पैसे देऊ नका.

हाताने फोकस करणं मला आता आवडायला लागलंय. रिंग फिरवत जायची, व्ह्यूफाइंडरमध्ये डाव्या कोपऱ्यात खाली हिरवा ठिपका स्थिर झाला की थांबायचं. माझी लेक कथक शिकते. घाणेकर नाट्यगृहात त्यांच्या वर्गाच्या कार्यक्रमाची रंगीत तालीम होती, तिथे फोटोला परवानगी होती. फ्लॅश नाही, रंगमंचावर पिवळा उजेड, आणि हाताने फोकस करायची लेन्स. चक्कर घेणाऱ्या मुलीमागे रिंग फिरवत बसले असते तर एकही फोटो मिळाला नसता. पण कथकची नर्तकी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबते. तिहाई (एकच बोल तीनदा म्हणून समेवर येणं) सुरू झाली की मी आधीच फोकस लावून ठेवलेल्या जागेवर डोळा रोखून मनात मोजायची, तिसऱ्या वेळच्या शेवटच्या ‘धा’वर बटण. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२००, एफ २.२, शटर १/२०० सेकंद. समेला हात स्थिर, मान वळलेली, वेणी मात्र अजून हवेत. असे अकरा फोटो धारदार आले. त्यातला एक आबांच्या फोटोशेजारी लावलाय.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत दोन्ही बाजू एकाच सकाळी दिसल्या. कौपिनेश्वर मंदिराजवळ ऊन इतकं होतं की मोबाइलवाल्यांना आपली स्क्रीनच दिसत नव्हती. मी डोळा लावून ढोलवाल्यांचे हवे तसे फोटो काढले. पुढे गर्दी वाढली, नऊवारीतल्या बुलेटवाल्या बायका आल्या आणि माझ्यासमोर नुसती डोकी. कॅमेरा डोक्यावर धरून लाइव्ह व्ह्यू लावला. स्क्रीन वळत नाही, फोकस चाचपडतोय, आणि बुलेट निघून गेल्या. शेजारी भाच्याने स्क्रीन खाली वळवून आरामात सहा फोटो घेतले. तो दिवस मला अजून लागतो.

फेब्रुवारीत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने रोहित पक्षी बघायला गेलो. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिथे मात्र दोघांनीही डोळाच लावला, कारण हलत्या बोटीत कॅमेरा कपाळाला टेकलेला असला तरच हात स्थिर राहतो. काळा चिखल आणि फिकट गुलाबी पक्षी, त्यामुळे कॅमेरा फसतो आणि पिसं पांढरीफटक जळतात. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे ०.७ करून घ्या. उडत्या थव्यासाठी शटर १/१२५० ठेवला होता. निकॉन सेकंदाला ५ फोटो घेतो, २००डी मार्क २ सुद्धा ५, १५००डी ३. थवा उडतो तेव्हा हा फरक जाणवतो.

बॅटरीबद्दल काय सांगू! कंपनीचा आकडा १,५५० फोटोंचा आहे (१५००डीचा ५००, २००डी मार्क २ चा १,०७०), आणि मी महिन्यातून एकदा चार्ज करते. वजन बॅटरी-कार्डासकट ४१५ ग्रॅम. ऑफिसच्या पर्समध्ये डब्याशेजारी बसतो, म्हणून तर तो रोज सोबत असतो.

वाय-फाय नाही. ब्लूटूथवरून मोबाइलवर २ मेगापिक्सेलचे छोटे फोटो येतात, मैत्रिणींना पाठवायला पुरेत. मोठे हवे असतील तर मी कार्ड रीडर मोबाइललाच लावते. १५००डी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: त्याच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत मधला संपर्कबिंदू नाही, त्यामुळे स्वस्तातले इतर कंपन्यांचे बरेच फ्लॅश त्यावर चालत नाहीत. २००डी मार्क २ चंही तेच.

आणि ठाण्याचा पावसाळा. जुलैत आबांच्या लेन्सच्या मागच्या काचेवर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा एक तंतू दिसला. लगेच साफ करून घेतली, डाग राहिला नाही. चूक माझीच, कापडी बॅगेत कपाटात ठेवली होती. आता घट्ट झाकणाचा धान्याचा डबा आणलाय, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. काटा पन्नासच्या वर गेला की जेल बदलते. रुमाल आता धुऊन त्याच डब्याखाली अंथरलाय.