शिल्लक हेडरमध्ये की वेगळ्या कॉलमध्ये?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात पऱ्हाटी-तुरीवाल्यांसाठी मी हवामानाचं ॲप चालवतो. फवारणीला निघायचं की नाही, हे लोक त्यावर ठरवतात. मागे दर कॉलला, म्हणजे ॲपच्या दर विनंतीला, पैसे कापणारी प्रॉक्सी (मधला सर्व्हर) आहे. खात्यातली शिल्लक कळायचे दोन मार्ग: प्रत्येक उत्तराच्या हेडरमध्ये (उत्तराच्या माथ्यावरच्या माहितीच्या ओळींत), नाहीतर शिल्लक विचारायचा वेगळा कॉल.

माझा कौल हेडरला. उत्तरात हेडर आधी येतात, मजकूर नंतर. दुपारी लाइन गेली की थोड्या वेळात टॉवरही मान टाकतो. अंदाज अर्ध्यात तुटला तरी ‘क्रेडिट्स-रिमेनिंग: ४१२’ ही शिल्लक सांगणारी ओळ हाती लागलेली असते. वेगळ्या कॉलला अशा रेंजमध्ये आणखी एक फेरी मारावी लागते.

पण उत्तरच आलं नाही तर हेडर कुठून येणार? पेरणीच्या आठवड्यात हेच झालं. ॲपने तोच कॉल तीनदा पाठवला आणि तिन्हींचे पैसे कापले गेले. खूप जिवाला लागलं, कारण तो पैसा गावाच्या वर्गणीचा होता. तेव्हापासून प्रत्येक विनंतीसोबत ‘आयडेम्पोटन्सी-की’ हेडर जातो, म्हणजे त्या विनंतीची ओळख सांगणारी किल्ली; तीच विनंती पुन्हा पाठवली तर किल्लीही तीच. प्रॉक्सी तो मानत असेल, तर तीच किल्ली पुन्हा दिसली की दुसऱ्यांदा पैसे कापत नाही. प्रॉक्सीवाल्यांच्या करारावर सही करण्याआधी हे विचारून घ्याच.

वेगळा कॉल मी सकाळी एकदाच करतो, वहीतला हिशेब जुळवायला. तेवढ्याला तो बरा.

उत्तरात ४२९ हा कोड (फार कॉल झाले) आला तर ‘रिट्राय-आफ्टर’ हेडरमधले सेकंद थांबा. ४०२ (पैसे भरायला हवेत) आला तर आधी पैसे भरा, मग कॉल करा.