मोठी निवासी संस्था की छोटं समूहघर?
आपल्यामागे मुलाचं कसं होणार, हा मतिमंद मुलांच्या पालकांचा कायमचा घोर. मोठ्या संस्थेत फिजिओथेरपी, कार्यशाळा, रात्रपाळीची माणसं असतात; एखादी सेविका रजेवर गेली तरी अडत नाही. पण बऱ्याचदा आंघोळ घंटेवर आणि धुऊन आलेला शर्ट कुणाचाही कुणाच्या अंगात. सात-आठ जणांच्या समूहघरात कुणाला आमटीत गूळ चालत नाही, हे ताईंना पाठ असतं. मात्र त्या ताईच सोडून गेल्या की सगळी घडी विस्कटते. माझा कल छोट्या घराकडे. फिट्स येत असतील तर मात्र रात्री जागं माणूस असलेली संस्थाच बरी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखालची नोंदणी दोन्हीकडे बघा, आणि शक्यतो न कळवता जा, तेही संध्याकाळी.